जाग

स्लाऊमध्ये, चॉकलेटच्या कारखान्यामागं,
एक इमारत आहे जिला खिडक्याच नाहीत.
आमचे सहा नोड तिथं भाड्यानं राहतात.
मी दोन गल्ल्या अलीकडं,
वॉशिंग मशीनवर ठेवलेल्या लॅपटॉपसमोर, अनवाणी.

पाच वाजून दहा मिनिटांनी चौथा नोड गेला.
एखादा जातोच.
म्हणून तर एकाच माहितीच्या तीन प्रती ठेवतो आम्ही.
एक गेली तर उरलेल्या दोघी एकमेकींना विचारतात,
बहुमत टिकतं, काम चालतं.
डिसेंबरात मीच फळ्यावर काढून दाखवलं होतं,
तीन गोल, तीन रंगांत.
ते गोल नेमके कुठं उतरलेत
हे फळा सांगत नाही.

तिघी चौथ्यावरच होत्या.
एका माळेचे मणी,
आणि माळच तुटली.

शेड्यूलरला बोल लावण्यात अर्थ नाही.
तो पंगतीतला वाढपी, जिथं पाट मोकळा
तिथं त्यानं पान मांडलं.
आम्हीच लिहून ठेवलं होतं,
यांना शक्यतो लांब बसव.
शक्यतो!
'शक्यतो येतो' म्हणणारा पाहुणा
आजवर कुणाच्या दारात आलाय?

एक्केचाळीस मिनिटं
डायलिसिसच्या गाड्यांचं वेळापत्रक कोरं.
बर्नॅमचे मिस्टर ऑल्कॉट
कोटाची बटणं लावून, दाराशी खुर्ची ओढून बसलेले.
दोनदा फोन केला त्यांनी.
दुसऱ्यांदा एवढंच विचारलं,
गाडीला माझं घर आठवतंय ना?

डेरीहून ब्रोना फोनवर होती,
मागं तिचं बाळ रडत होतं.
म्हणाली, तो शब्द खोड. सक्ती कर.
मी खोडला. लिहिलं,
एका नावाच्या दोघी एका नोडवर नकोत,
एका रॅकमध्येही नकोत,
कारण रॅकची वीज एकाच वायरीतून येते.

पहिलीला जागा मिळाली. दुसरीलाही.
तिसरी बाहेरच.
बाकीचे नोड काठोकाठ भरलेले,
आणि जिथं जरा ऐसपैस होतं
तिथं आधीच तिची बहीण.
एका म्यानात दोन तलवारी नकोत, कबूल,
पण म्यानंच कमी पडली तर?
स्क्रीनवर तिच्या नावापुढं एकच शब्द, प्रलंबित.
नियम सैल करायला माझं बोट वळवळलं.
ब्रोना म्हणाली, राहू दे उभी.
कालपर्यंत ती नव्हतीच, फक्त आपल्याला दिसत नव्हतं.

सहाला जरा हुश्श केलं,
पाव भाजायला ओव्हन दोनशेवर लावला
आणि वासावरून कळलं
की रात्री त्यातच, कोमट आहे म्हणून,
दह्याचं भांडं ठेवलं होतं.
सगळं फाटलं. पातेल्याला चिकटलं.
चमचाभरही बाजूला काढलेलं नव्हतं.
लँग्लीच्या शरयू पेठकरांकडून आणलेलं विरजण,
तीन वर्षं न तुटता चालत आलेलं,
आणि मी, जी लोकांना फळ्यावर गोल काढून दाखवते!

मग आठवलं.
समोरच्या सुरजीतकौरला मागच्या उन्हाळ्यात
अर्धी वाटी दिली होती.

तिनं ड्रेसिंग गाऊनमध्येच दार उघडलं,
माझ्या हातातली रिकामी वाटी पाहिली
आणि विचारलं, जाग?
मला वाटलं माझे डोळे पाहून म्हणतेय.
हो, म्हटलं, पाचपासून.
ती हसत आत गेली.
पंजाबीत विरजणाला जाग म्हणतात
हे मला तिच्या फ्रिजसमोर कळलं.

माझ्याच घरचं ते, पण जरा जास्त आंबट,
वर्षभर तिच्या दुधावर वाढलेलं.
सगळं देऊ नका हं, मी घाईनं म्हटलं.
अगं वेडे, ती म्हणाली, जाग सगळी कोण देतं?

रस्ता ओलांडताना वाटीवर हात धरला होता.
दुसऱ्या हातात फोन.
तिसरी अजून उभीच.